बोर्दोची रेड वाइन किती वर्षं ठेवावी? सँ-झ्युलियँच्या एका बाटलीवरून समजून घेऊ

महागडी फ्रेंच रेड वाइन कुणी भेट दिली किंवा परदेशातून येताना आणली, की घरात हमखास एक सल्ला मिळतो: "ठेवून दे, जितकी जुनी तितकी चांगली." या सल्ल्यापायी कितीतरी चांगल्या बाटल्या वाया जातात. जगात बनणारी बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यायलाच बनवलेली असते. ठेवल्याने खरोखर सुधारणाऱ्या वाइन मोजक्या. त्यांनाही दोन अटी लागतात: वाइनच्या अंगात तेवढा दम हवा आणि तिला ठेवायची जागा थंड हवी. दोन्हींपैकी एक जरी नसली, तरी नुसती वर्षं मोजून काही हाती लागत नाही.

या अटी कशा तपासायच्या ते एका ठरावीक वाइनवरून सांगतो: फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या सँ-झ्युलियँ गावची शातो लेओव्हिल बार्तों. (शातो म्हणजे स्वतःच्या बागेची वाइन बनवणारी इस्टेट.) हीच का? कारण ती जुन्या वळणाची आहे. तरुणपणी जरा कडक, पटकन खूश न करणारी, पण वेळ दिला तर भरभरून देणारी. तिच्या तोलामोलाच्या इतर वाइनच्या मानाने तिची किंमतही बरीच समंजस ठेवलेली असते. ती कळली की बोर्दोच्या इतर बाटल्यांकडे कसं बघायचं तेही आपोआप कळतं.

आधी गाव

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये गारॉन आणि दोर्दोन्य या नद्यांचा संगम होऊन जिरोंदची खाडी तयार होते. तिच्या डाव्या काठचा पट्टा म्हणजे मेदॉक. सँ-झ्युलियँ याच पट्ट्यात आहे. इथला बराच भाग पूर्वी दलदलीचा होता. १७व्या शतकात डच लोकांनी चर खणून तो कोरडा केला आणि नदीने युगानुयुगं आणून टाकलेल्या खडीच्या टेकाडांवर द्राक्षबागा वाढल्या. खडीतून पाणी झरझर निघून जातं, त्यामुळे मुळं खोल जातात आणि वेल पाण्याने फुगत नाही. शिवाय दिवसभर तापलेले गोटे संध्याकाळनंतरही ऊब देत राहतात. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही जात उशिरा पिकते. तिला ही ऊब मिळाली नाही तर ती हिरवट राहते. त्यामुळे डाव्या काठी कॅबर्नेचं राज्य आहे, तर उजव्या काठच्या थंड चिकणमातीत मेर्लो या दुसऱ्या जातीचं.

सँ-झ्युलियँच्या उत्तरेला पोयाक हे गाव आहे, दक्षिणेकडे मार्गो. पोयाकची ताकद आणि मार्गोचा सुगंध यांच्या मधली चाल म्हणजे सँ-झ्युलियँ, असं ढोबळमानाने म्हणता येतं. माझ्या मते मेदॉकमध्ये सर्वांत तोलाची वाइन याच गावात होते.

लेओव्हिल ही एकेकाळी एकच मोठी इस्टेट होती. पुढे तिचे तीन वाटे झाले: लास काझ, प्वाफेरे आणि बार्तों. बार्तों हे मूळचं आयरिश व्यापारी घराणं. ह्यू बार्तों यांनी १८२१ मध्ये शेजारची लाँगोआ इस्टेट घेतली आणि १८२६ मध्ये लेओव्हिलचा वाटा. तेव्हापासून दोन्ही त्याच घराण्याकडे आहेत. लेओव्हिल बार्तोंला स्वतःचा वाडा नाही. लेबलवर जी इमारत दिसते ती लाँगोआची.

बाग साधारण तीन चतुर्थांश कॅबर्ने सोव्हिन्याँची, उरलेली मुख्यतः मेर्लोची आणि थोडी कॅबर्ने फ्राँची. वाइन साधारण दीड वर्ष २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत राहते. त्यातली निम्म्याहून अधिक पिंपं नवी असतात.

लेबल वाचताना

लेबलवर 'ग्राँ क्रू क्लासे १८५५' असं दिसेल. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी त्या वेळच्या बाजारभावांवरून मेदॉकच्या वाइनची पाच श्रेण्यांत प्रतवारी केली होती. लेओव्हिल बार्तों दुसऱ्या श्रेणीत आली. त्यानंतर ठळक बदल एकच: १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्ड दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत गेली. म्हणजे ही प्रतवारी आहे ऐतिहासिक. हातातली बाटली किती टिकेल ते तिच्यावरून ठरवू नका.

खरं बघायचं ते तीन ठिकाणी. एक, गावाचं नाव. नुसतं 'बोर्दो' किंवा 'बोर्दो सुपेरिअर' लिहिलेली बाटली बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत संपवावी. दोन, 'मिझ ऑं बुतेय ओ शातो' हे शब्द. वाइन इस्टेटवरच बाटलीत भरली आहे, असा त्यांचा अर्थ. तीन, साल, म्हणजे द्राक्षं काढली ते वर्ष. आणखी एक सावधगिरी: 'ला रेझेर्व्ह द लेओव्हिल बार्तों' ही त्याच घरची दुसरी वाइन. चवीला छान, किमतीला कमी, पण मोठ्या वाइनसारखी दशकं ठेवायला ती नाही. नावं सारखी असल्याने इथे गफलत सहज होते.

साल काय सांगतं

बोर्दोचं हवामान समुद्राजवळचं आणि लहरी. एकाच बागेची दोन लागोपाठच्या सालांची वाइन वेगळ्या वाटेने जाते. २००९ उबदार होतं, त्यामुळे वाइन गुबगुबीत, मऊ, लवकर आवडणारी झाली. २०१० कोरडं, पण रात्री गार. त्यामुळे टॅनिनही (तुरटपणा देणारं द्रव्य) भरपूर आणि आंबटपणाही टिकून. ठेवायच्या दृष्टीने २०१० हे आदर्श साल म्हणावं लागेल. २०१६ मध्ये जूनपर्यंत पाऊस झाला, मग लांबलचक कोरडा उन्हाळा आला आणि सप्टेंबरच्या मध्यावर नेमका हवा तेवढा पाऊस पडला. त्या वाइनमध्ये ताकद आहे आणि ताजेपणाही. उलट २०१३ थंड आणि ओलं गेलं, फुलोराच नीट धरला नाही. तेव्हाची वाइन हलकी आहे. तिच्यासाठी थांबून काही पदरात पडणार नाही.

हलकं साल म्हणजे वाईट वाइन नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. घरी थंड जागा नसेल तर मधल्या दर्जाच्या सालाची, पिण्याजोगी झालेली बाटली घेणं हाच शहाणपणाचा व्यवहार.

तोंडाने तपासा: तुरट, आंबट, फळ

सालाची ख्याती माहीत असली तरी शेवटी वाइन स्वतः चाखावी. ग्लास एक तृतीयांशच भरा आणि पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मधला रंग आणि कडेचा रंग वेगळे बघा. कड जांभळट असेल तर वाइन कोवळी आहे. माणकासारखी लाल झाली तर प्रवास सुरू झालाय, विटकरी छटा आली तर ती परिपक्व आहे. अख्खा ग्लासच तपकिरी दिसला तर बहुधा उशीर झाला.

आता घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा आणि जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. हिरड्या कोरड्या पडतात, जीभ अडखळते. हे टॅनिन. विड्यातल्या कातात जे कॅटेचिन असतं तेच द्राक्षाच्या बियांतही असतं, त्यामुळे हा तुरटपणा आपल्या जिभेला अनोळखी नाही. टॅनिन किती आहे एवढंच बघून भागत नाही, कसं आहे तेही बघायचं. चांगल्या पिकलेल्या द्राक्षाचं टॅनिन बारीक असतं. संपूर्ण तोंडात सारखं पसरतं आणि मागे कडूपणा ठेवत नाही. कच्च्या द्राक्षाचं टॅनिन एकाच जागी टोचतं, हिरव्या देठासारखं कडवट लागतं. असं टॅनिन वीस वर्षांनीही टोचतच राहतं.

दुसरा घोट घ्या, गिळा आणि मान किंचित खाली घालून थांबा. जबड्याच्या आतून लाळ सुटते का, किती जोरात, किती वेळ? हा आंबटपणाचा मापक. तो महत्त्वाचा का? आम्लता भक्कम असेल, म्हणजे पीएच कमी असेल, तर ऑक्सिजनचं काम मंदावतं आणि बाटलीत भरताना घातलेला सल्फर डायॉक्साइडही जास्त परिणामकारक ठरतो. आम्लता ढिली असलेली वाइन तरुणपणी लोभस वाटते, पण लवकर थकते.

तिसऱ्या घोटानंतर घड्याळ बघा. पंधरा-वीस सेकंदांनी तोंडात काय उरलं? फळाची चव उरली असेल तर उत्तम. नुसता कोरडेपणा उरला, किंवा घशात अल्कोहोलची जळजळ उरली, तर ती वाइन फार काळ ठेवू नये. इथे नवखे लोक सर्वांत जास्त फसतात. तुरटपणा जास्त म्हणजे आयुष्य जास्त, असं ते समजतात. पण टॅनिन मऊ होईपर्यंत फळ टिकलं पाहिजे. फळ आधी संपलं तर मागे उरतो तो सांगाडा.

शंका असेल तर आणखी एक चाचणी करा. अर्धी बाटली पिऊन झाली की बूच परत लावून ती फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, जमल्यास तिसऱ्याही दिवशी चाखा. दुसऱ्या दिवशी ती जास्त मोकळी आणि सुगंधी लागली, तर तिच्यात अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. चपटी पडली, तर त्याच सालाच्या उरलेल्या बाटल्या लवकर उघडा. चाचणी ढोबळ आहे, पण मी तिच्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवतो.

बाटलीत नेमकं काय घडतं

टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात. त्यांच्या साखळ्या वाढतात, जड होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. त्यामुळे रंग फिकट होतो, तुरटपणा उतरतो आणि घोट रेशमी लागू लागतो. बुचातून अगदी सूक्ष्म प्रमाणात ऑक्सिजन आत येतो, तोही या कामाला लागतो.

वासही बदलतात. सुरुवातीला ब्लॅककरंट, काळी चेरी, नव्या लाकडाचा व्हॅनिला. साताठ वर्षांनी देवदार, पेन्सिल तासल्यावर येतो तो वास, तंबाखूचं पान. पंधरा-वीस वर्षांनंतर चामडं, वाळका पाला, अळंबी, ओली माती. ब्लॅककरंट आपल्या बाजारात ताजं मिळत नाही. त्याच्या जॅमची बाटली एकदा नाकाशी धरून बघा, म्हणजे पुढे कॅबर्नेच्या ग्लासात ते ओळखणं सोपं जाईल.

मध्येच एक मुका काळ येतो. बाटलीत भरल्यावर वर्ष-दोन वर्षं वाइन मोकळी बोलते. मग काही वर्षं मिटून बसते: वास नाही, फळ दबलेलं, टॅनिन तेवढं पुढे. लेओव्हिल बार्तोंसारख्या कडक वाइनमध्ये हे हमखास जाणवतं. तेव्हा वाइन बिघडली असं समजून उरलेल्या बाटल्या विकू नका.

या सगळ्यावरून माझा अंदाज असा: २०१० किंवा २०१६ सारख्या दमदार सालाची लेओव्हिल बार्तों सालापासून दहा-बारा वर्षं तरी उघडू नये. पंधरा ते तीस वर्षं हा तिचा बहराचा काळ. मध्यम सालाची साताठ वर्षांनी सुरू करून पंधरा-अठरापर्यंत संपवावी. हे आकडे ७५० मिलिलिटरच्या बाटलीचे. दीड लिटरच्या मॅग्नममध्ये वाइनच्या मानाने हवा कमी, म्हणून ती सावकाश पिकते. ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली लवकर पिकते.

ठेवायची कुठे

आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. वाइनला १२ ते १४ अंश सेल्सिअस, साधारण ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि स्थिरता हवी. पुण्यात किंवा नागपुरात मे महिन्यात बंद कपाटातलं तापमान किती जातं ते एकदा मोजून बघा. कमाल-किमान नोंदवणारा साधा तापमापक आठवडाभर आत ठेवला तरी पुरे. ३० अंशांच्या वर काही आठवडे गेले की फळ शिजल्यासारखं लागतं. वाइन फुगून बूच वर सरकतं, आवरणाखाली चिकट ओघळ दिसतो. बोर्दोच्या तळघरात तीस वर्षं जगणारी बाटली मुंबईच्या माळ्यावर दोन उन्हाळ्यांत संपते. कधीतरी उघडायची म्हणून फ्रिजच्या वर ठेवलेल्या बाटलीचे तर तिहेरी हाल होतात: उष्णता, थरथर आणि उजेड.

एसी असलेल्या बेडरूमचं कपाट बरं वाटतं, पण रात्री २४ आणि दुपारी ३४ ही चढउतारच जास्त मारते. साधा फ्रिज काही महिन्यांसाठी चालेल. वर्षानुवर्षं ठेवलं तर कोरड्या हवेने बूच आकसतं. दहा वर्षांचा विचार असेल तर वाइनचं कपाट घ्या, १३ अंशांवर लावा, इन्व्हर्टरवर जोडा आणि वीज गेली की दार उघडू नका. बाटल्या आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. कपाट घ्यायचं नसेल तर कोवळी वाइन विकत घेऊच नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. तिथे शुल्क न भरता वाइन व्यावसायिक गोदामात वर्षानुवर्षं ठेवता येते आणि ती तिथून हलली नाही याची नोंदही राहते.

भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन सामानात कपड्यांच्या मधोमध ठेवा आणि आल्यावर तीन-चार आठवडे विश्रांती द्या. मे महिन्यात विमानतळावरून घरी जाताना बॅग गाडीच्या डिकीत तासन्‌तास राहू देऊ नका.

जुनी बाटली विकत घेताना

पहिला प्रश्न: आतापर्यंत कुठे होती? विक्रेत्याला धड उत्तर देता येत नसेल तर सोडून द्या. मग वाइनची पातळी बघा. वीस वर्षांच्या बाटलीत ती मानेत किंवा मानेच्या तळाशी असावी. तीस-पस्तीस वर्षांच्या बाटलीत खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत उतरलेली चालते. खांद्याच्या मध्यावर असेल तर तो जुगार. मानेमागून टॉर्च धरून रंगही बघता येतो.

नवी घेणार असाल तर शक्यतो एकाच सालाच्या तीन किंवा सहा घ्या. दहा वर्षांनी एक उघडा, चव वहीत लिहा, मग पुढची कधी ते ठरवा. कुठल्याही तज्ज्ञाच्या तक्त्यापेक्षा तुमच्या कपाटातली बाटली तुमच्या कपाटाबद्दल जास्त खरं सांगते.

उघडण्याचा दिवस

दोन दिवस आधी बाटली उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुनं बूच ठिसूळ असतं. मळसूत्री ओपनरने ते मधोमध तुटतं, म्हणून बाजूने सरकणाऱ्या दोन पात्यांचा ओपनर वापरा. पाती आळीपाळीने खाली दाबा, मग हळूहळू पिळत वर ओढा. बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने आतूनही पुसा.

ओतताना मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि एका संथ धारेत डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओता, मध्ये थांबू नका. बोर्दोच्या बाटलीचे उंच खांदे इथे उपयोगी पडतात, गाळ तिथे अडतो. शेवटी प्रकाशात काळसर रेघ मानेकडे सरकताना दिसेल. ती दिसताक्षणी थांबा. दहा-बारा वर्षांच्या वाइनला दोन-तीन तास हवा द्या. तीस वर्षांच्या वाइनला गाळ वेगळा करण्यापुरतंच ओता आणि लगेच वाढा, कारण तिचा सुगंध तासाभरात ओसरू शकतो.

'रूम टेंपरेचर' हा सल्ला आपल्या खोलीला लागू नाही. वाइन १६ ते १८ अंशांवर हवी. खोली ३० अंशांची असेल तर डिकँटर वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळ गायब असेल तर दोष बुचाचा. हवा देऊन तो जात नाही, बाटली परत करा. शेरीसारखा, सफरचंद काळवंडल्यासारखा वास म्हणजे ऑक्सिजन जास्त गेला. घोड्याच्या तबेल्याचा अगदी पुसट वास मात्र जुन्या बोर्दोत असू शकतो. काहींना तो आवडतो, मला थोडाच चालतो.

जेवण साधं ठेवा. मिरी-मीठ लावून भाजलेली मेंढीच्या कोकराची रान हा मेदॉकचा स्वतःचा जोड आहे. प्रथिनं आणि मीठ टॅनिन मऊ करतात. तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. तिखटाने अल्कोहोल जळजळतं, तुरटपणा दुप्पट वाटतो आणि वीस वर्षं कमावलेला देवदार-तंबाखूचा वास नाकाला सापडतच नाही.

वाइन उरली तर ती ३७५ मिलिलिटरच्या रिकाम्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तळाचा गाळ गाळून मटणाच्या रश्शात टाकला तरी चालतो.